गेंड्याच्या संशोधनाला पैसे द्यायचेत? मुंबईत बसून कसं करायचं ते सुरुवातीपासून

दरवर्षी २२ सप्टेंबरला जागतिक गेंडा दिवस येतो आणि त्या आठवड्यात कुणी ना कुणी मला विचारतंच, की अरे आम्हालाही काहीतरी द्यायचंय, कुठे देऊ? माझं उत्तर दरवेळी लांबतं, व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून बोटं दुखतात, म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी मुलुंडला राहतो, नोकरी अकाउंट्सची, जंगलातला माणूस नाही. शाळेपासूनचे आम्ही सात जण, आमची भिशी चालायची, २०१९ च्या फेब्रुवारीत सगळे मिळून काझीरंगाला जाऊन आलो आणि तेव्हापासून भिशीचा एक अख्खा हप्ता दरवर्षी गेंड्यासाठी बाजूला निघतो. रक्कम काही मोठी नाही. पण सात जणांची रक्कम एकत्र आली की एखाद्या संशोधकाचा एक खर्च तरी पूर्ण उचलता येतो, आणि ते कसं करायचं हेच सांगायचंय.

आधी हे, की संशोधनच का. काझीरंगाच्या बागोरी रेंजमध्ये सकाळच्या जीपमध्ये आम्ही होतो, गवत नुकतंच जाळलेलं होतं, आमच्याबरोबरच्या वनरक्षकाने गाडी थांबवून लिदीचा एक मोठा ढीग दाखवला. गेंडे ठरलेल्या जागीच येऊन लीद टाकतात, अनेक गेंडे एकच जागा वापरतात, आणि तो म्हणाला की शिकलेल्या माणसाला यातून सगळं कळतं, मादी गाभण आहे का, जनावर ताणाखाली आहे का, पोटात जंत किती, आणि डीएनए काढला तर हे नेमकं कुठलं जनावर ते पण. गेंड्याला हात न लावता, बेशुद्ध न करता. मला तोपर्यंत वाटायचं की गेंडा वाचवायचा म्हणजे बंदूकवाला गार्ड आणि कुंपण. त्यांना पैसे लागतातच, त्याबद्दल वाद नाही, पण कुठल्या ठिकाणी किती गार्ड ठेवायचे, कुठलं गवत जाळायचं आणि कुठलं नाही, कुठले गेंडे दुसरीकडे हलवायचे, हे सांगणारं कुणीतरी लागतं ना. अनाथ पिल्लाच्या फोटोला पैसे लगेच मिळतात, लिदीच्या डबीला मिळत नाहीत.

एक उदाहरण देतो, मी सगळ्यांना हेच देतो. दक्षिण आफ्रिकेत क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या आसपासच्या ११ अभयारण्यांचा २०१७ ते २०२३ असा अभ्यास झाला, जून २०२५ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये आला. या सात वर्षांत तिथे १,९८५ गेंडे शिकाऱ्यांनी मारले आणि शिकार रोखायला त्या अभयारण्यांनी ७.४ कोटी डॉलर खर्च केले, रेंजर, कॅमेरे, ट्रॅकिंगची कुत्री, शेकडो अटका, सगळं. मग मोजून बघितलं की नेमकं कशाने फरक पडला, तर गेंड्यांची शिंगं आधीच कापून टाकणं, ज्याला डीहॉर्निंग म्हणतात, त्याने शिकार ७८ टक्के कमी झाली आणि त्यावर खर्च झाला होता एकूण बजेटच्या फक्त १.२ टक्के. शिंग केराटिनचं असतं, आपल्या नखासारखं, परत वाढतं, त्यामुळे दर दीड-दोन वर्षांनी पुन्हा कापावं लागतं, आणि उरलेल्या खुंटासाठी सुद्धा काही गेंडे मारले गेलेच, म्हणजे हा रामबाण उपाय नाही. पण हिशेब ठेवलाच नसता तर हे कळलंच नसतं. मी अकाउंट्सवाला असल्यामुळे असेल, पण मला हे वाचून अंगावर काटा आला होता.

आता कुणी म्हणेल की मग आपल्याकडे पण शिंगं कापा. तेवढं सोपं नाही, आणि म्हणूनच इथलं संशोधन इथेच व्हायला हवं. आपला एकशिंगी गेंडा वेगळी जात आहे, तो भांडतो मुख्यतः खालच्या सुळ्यासारख्या दातांनी, राहतो ब्रह्मपुत्रेच्या पुरात बुडणाऱ्या उंच गवतात. तिथे पूर हा शत्रू पण आहे आणि गरज पण, पुरानेच बीलं, म्हणजे ती तळी, साफ होतात आणि नवं गवत येतं, पण त्याच पुरात जनावरं हायवे ओलांडून कार्बी आंगलाँगच्या डोंगराकडे पळतात. आफ्रिकेतली उत्तरं इथे उचलून चिकटवता येत नाहीत.

कुठला गेंडा, हे आधी ठरवा

जगात गेंड्याच्या पाच जाती आहेत, सगळे मिळून २७ हजारांच्या आसपास. आफ्रिकेत पांढरा आणि काळा. इंडोनेशियात जावाचा आणि सुमात्राचा, दोन्ही अगदी शेवटच्या काठावर, प्रत्येकी ५० च्या आसपास किंवा त्याहून कमी. आणि आपला एकशिंगी, भारत आणि नेपाळ मिळून चार हजारांच्या थोडा वर. मार्च २०२२ च्या गणतीत एकट्या काझीरंगात २,६१३ निघाले, नेपाळमध्ये २०२१ ला ७५२. म्हणजे या जातीतले निम्म्याहून कितीतरी जास्त गेंडे एकाच नदीच्या काठावरच्या एकाच उद्यानात आहेत, एक मोठा साथीचा रोग किंवा एक फार वाईट पूर आला तर काय, हा प्रश्न तिथल्या लोकांना झोपू देत नाही. दुसरीकडे पोबितोरा, गुवाहाटीजवळचं छोटंसं अभयारण्य, जेमतेम ३९ चौरस किलोमीटर, तिथे २०२२ ला १०७ गेंडे. मुंबईकराला गर्दी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आणि आसामातलंच मानस राष्ट्रीय उद्यान, जिथले गेंडे ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या अशांततेत पूर्ण संपले होते, तिथे २००८ पासून पोबितोरा आणि काझीरंगातले गेंडे नेऊन सोडले, इंडियन रायनो व्हिजन २०२० नावाच्या कार्यक्रमात.

माझं मत स्पष्ट आहे, रुपयात देणार असाल आणि पहिल्यांदाच देत असाल तर एकशिंगी गेंडाच घ्या. देशातल्या देशात पैसे जातात, पावती मिळते, रिपोर्ट समजतो, आणि कधी ना कधी स्वतः जाऊन बघता येतं. उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, सुदान नावाचा शेवटचा नर १९ मार्च २०१८ ला केनियात मेला, आता फक्त नाजिन आणि फातू या मायलेकी उरल्यात, त्यांच्यासाठी बायोरेस्क्यू या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे लोक आयव्हीएफ करतायत आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की दक्षिणेकडच्या पांढऱ्या गेंड्यामध्ये भ्रूण रुजवण्यात पहिल्यांदा यश आलं. ग्रेट काम आहे, पण त्यामागे जर्मन सरकारचे आणि मोठ्या देणगीदारांचे पैसे आहेत, तिथे आपल्या भिशीच्या हप्त्याने काही अडत नाही. पोबितोऱ्यात लीद गोळा करणाऱ्या पीएचडीच्या मुलीचं मात्र अडतं.

मग प्रश्न निवडा

हे मी उशिरा शिकलो. संस्था निवडण्याआधी प्रश्न निवडा. तुम्हाला कशात खरंच रस आहे?

मोजणीत असेल तर बघा, बिबट्याच्या अंगावर ठिपके असतात म्हणून आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कॅमेरा ट्रॅपच्या फोटोवरून हा कुठला बिबट्या ते ओळखता येतं, गेंड्याला ना पट्टे ना ठिपके, त्याला ओळखायचं ते शिंगाच्या आकारावरून, फाटलेल्या कानावरून, कातडीच्या घड्यांवरून, फार वेळखाऊ काम आहे. गवतात रस असेल तर मिमोसा नावाचं काटेरी झुडूप काझीरंगात घुसलंय, त्यात विषारी द्रव्य असतं, आणि अशी बाहेरची झुडपं आणि झाडं गवताची जागा खात चाललीत, ती किती वेगाने आणि त्यावर काय करायचं हा एक मोठा विषय. रोगांमध्ये असेल तर उद्यानाच्या कडेला चरणाऱ्या गुरांकडून काय काय गेंड्यात जाऊ शकतं. कोर्टकचेरीत असेल तर डीएनए, दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया विद्यापीठाच्या लॅबने रोडिस नावाची पद्धत तयार केली, त्यात प्रत्येक गेंड्याचा डीएनए नोंदवून ठेवायचा, म्हणजे पकडलेलं शिंग कुठल्या गेंड्याचं ते कोर्टात सिद्ध करता येतं, तीच भारतात आणलीय आसाम वनविभाग, डब्ल्यूडब्ल्यूएफ इंडिया आणि देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने मिळून. २२ सप्टेंबर २०२१ ला बोकाखातला आसाम सरकारने २,४७९ शिंगं जाहीरपणे जाळली तेव्हा जाळण्याआधी त्यांचे डीएनए नमुने काढून ठेवले होते. मला ही गोष्ट फार आवडते, शिंगाची किंमत शून्य केली आणि माहिती तेवढी ठेवून घेतली.

आणि माणसांवरचं संशोधन विसरू नका. कडेच्या गावातल्या लोकांचं पिकाचं नुकसान किती होतं, भरपाई मिळते का, लोकांना गेंडा शेजारी हवा आहे का. यासाठी ना लॅब लागते ना गेंड्याचा माग काढायची कॉलर, एक मोटरसायकल आणि आसामी बोलणारी दोन माणसं लागतात, आणि सगळ्यात कमी पैसे याच कामाला मिळतात.

माणसं कुठे शोधायची

गुवाहाटीची आरण्यक ही संस्था १९८९ पासून आहे, गेंड्यावर त्यांचं काम जुनं, स्वतःची वन्यजीव जनुकशास्त्राची लॅब पण आहे. डब्ल्यूडब्ल्यूएफ इंडिया आहे. वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाचं काझीरंगाजवळचं केंद्र २००२ पासून पुरात वाहून आलेली पिल्लं वाढवतं आणि मोठी झाली की जंगलात सोडतं, सोडल्यावर त्यांचं काय होतं हे बघणं हे पण संशोधनच. भारतीय वन्यजीव संस्था सरकारी आहे. बाहेरच्यांमध्ये अमेरिकेतलं इंटरनॅशनल रायनो फाउंडेशन आणि लंडनचं सेव्ह द रायनो. यातल्या कुणाची मी जाहिरात करत नाहीये, नावं माहीत असावीत म्हणून देतोय, चौकशी तुमची तुम्ही करा.

त्याआधी थोडं वाचा. रायनो रिसोर्स सेंटर नावाची ऑनलाइन लायब्ररी आहे, गेंड्यावरचे हजारो लेख फुकट वाचता येतात, तिथे पोबितोरा किंवा मानस टाकून शोधा आणि लेखांवर कुणाकुणाची नावं परत परत येतात ते बघा. तीच तुमची माणसं. ईमेल लेखावरच असतो. आणि आपण मुंबईत आहोत याचा फायदा घ्या, फोर्टला लायन गेटसमोर हॉर्नबिल हाउसमध्ये बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे, १८८३ सालची संस्था, त्यांचं जर्नल १८८६ पासून निघतंय. कधी शनिवारी सीएसएमटीला उतरून चालत जा. गेंड्याला पैसे तिथे द्या असं नाही म्हणत, पण तिथल्या कार्यक्रमांना, फिरण्यांना जी माणसं येतात त्यातली बरीच फील्डवर काम केलेली असतात, आणि चहा पिता पिता जे कळतं ते वेबसाइटवर कळत नाही. मला आमचा पहिला खरा कॉन्टॅक्ट तसाच मिळाला.

कागद तपासा, लाजू नका

पहिल्या वर्षी आम्ही एका ठिकाणी गेंडा दत्तक घ्या म्हणून पैसे भरले, छान सर्टिफिकेट आलं, फोटो आला, नंतर मी विचारलं की यातले संशोधनाला किती गेले तर उत्तरच आलं नाही, तीन मेल केले. नाव घेत नाही कारण कदाचित वाईट हेतू नसेलही. पण तेव्हापासून मी आधी विचारतो आणि मग पैसे देतो. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब मंडळ बोर्डावर लावतं ना, मग इथे विचारायला संकोच कसला.

ट्रस्ट असेल तर रजिस्ट्रेशन नंबर मागा, महाराष्ट्रातल्या ट्रस्टचं रजिस्ट्रेशन धर्मादाय आयुक्तांकडे असतं, मुंबईचं ऑफिस वरळीला. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर संस्था शोधा. देणगीवर करसवलत देणारं ८०जी चं सर्टिफिकेट चालू आहे का, आयकर खात्याच्या साइटवर बघता येतं. मागच्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब, आणि त्यात कार्यक्रमावरचा खर्च आणि ऑफिसचा खर्च वेगळा दाखवलाय का ते. इथे एक सांगतो, ऑफिसचा खर्च दिसला म्हणून लगेच नाक मुरडू नका, अकाउंटंटला पगार न देणारी संस्था तुम्हाला हिशेब कुठून देणार?

संशोधनाचे कागद वेगळे. गेंडा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला संशोधनासाठी बेशुद्ध करायचं, कॉलर लावायची तर कलम १२ खाली परवानगी लागते, तीही राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाने केंद्र सरकारची मंजुरी घेऊन द्यायची, आणि नुसतं अभयारण्यात जाऊन काम करायचं तरी कलम २८ ची. विचारा की परवानगी आली का, अर्ज केलाय का, की अजून काहीच नाही. नमुने परदेशात पाठवणार असतील तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी आणि साइट्सचे, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, कागद लागतात. चांगला संशोधक हे सगळं तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो. परवानगीविना कुणी गेंड्याजवळ जाऊन काम करतोय म्हणाला तर फोन ठेवून द्या.

प्रपोजल कसं वाचायचं

चार-पाच पानांचं प्रपोजल येतं, त्यात अर्धे शब्द डोक्यावरून जातात, हरकत नाही. मी त्यात हे शोधतो. प्रश्न एका वाक्यात आहे का. उत्तर कुणाला हवंय, म्हणजे उद्यानाच्या अधिकाऱ्याला याचा उपयोग आहे का आणि त्याने तसं म्हटलंय का, कारण ते क्रुगरचं काम अभयारण्य चालवणाऱ्या लोकांनी आणि शास्त्रज्ञांनी एकत्र बसून केलं होतं, म्हणूनच कामाला आलं. किती नमुने घेणार आणि तेवढेच का, हा प्रश्न जरूर विचारा, समोरचा खूश होतो. उत्तर उलटं आलं तरी छापणार का. आणि डेटा शेवटी कुठे राहणार, एका माणसाच्या लॅपटॉपवर की वनविभागाकडे पण.

बजेटमध्ये बोटीचं भाडं, डिझेल, फील्ड असिस्टंटचा पगार, त्याचा विमा, बॅटऱ्या, लॅबची किट, फ्रीझर, असं दिसलं की समजा माणूस खरंच जंगलात राहिलेला आहे. विमा नसेल तर मी सांगतो की आमच्या पैशातून आधी तो घाला, कारण पाच फूट उंचीच्या दोन टनांच्या जनावराच्या मागे उंच गवतात पायी जाणारा तो स्थानिक मुलगाच असतो. नुसते ड्रोन आणि सॅटेलाइट कॉलर दिसले तर मी दोन प्रश्न जास्त विचारतो, गेंड्याच्या मानेचा आणि डोक्याचा आकार असा की कॉलर निसटते हे जगभरचं दुखणं आहे, मग तुमची का टिकेल? उत्तर असेल तर उत्तम.

छोट्या ग्रुपने अख्खा प्रोजेक्ट उचलायचा विचार करू नये. एक ओळ उचला. आम्ही गेली तीन वर्षं एकाच कामाची एकच ओळ उचलतोय, फील्ड असिस्टंटचे सहा महिने. एका वर्षी एकदम मोठी रक्कम देऊन गायब होण्यापेक्षा छोटी रक्कम तीन वर्षं देणं चांगलं, कारण गेंडीण गाभण राहिली तर पंधरा-सोळा महिने जातात आणि दोन पिल्लांत तीनेक वर्षांचं अंतर असतं, या जनावराबद्दल एका वर्षात कळण्यासारखं फार थोडं आहे.

पैसे पाठवायचे कसे

ग्रुपमध्ये एकाच्या जीपेवर सगळे पैसे गोळा करून तिथून पाठवायचे, असं आम्ही एकदा केलं, पावती एकाच्या नावाने आली आणि बाकीच्यांना टॅक्समध्ये काहीच मिळालं नाही. प्रत्येकाने थेट संस्थेच्या खात्यात एनईएफटी किंवा यूपीआय करा, पॅन नंबर द्या, रिमार्कमध्ये प्रोजेक्टचं नाव टाका आणि सोबत मेल करा की ही रक्कम अमुक कामासाठीच आहे. ८०जी मध्ये बहुतेक संस्थांना दिलेल्या रकमेच्या ५० टक्के वजावट मिळते, त्यालाही उत्पन्नाच्या प्रमाणात मर्यादा आहे, आणि ती फक्त जुन्या कर प्रणालीत, नवी घेतली असेल तर विसरा. दोन हजारांवर रोख दिलं तर वजावट नाही. पावतीशिवाय संस्थेकडून देणगीचं सर्टिफिकेट, ज्याला १०बीई म्हणतात, ते पण यायला हवं. मान्यताप्राप्त संशोधन संस्थांसाठी ८०जीजीए नावाचं वेगळं कलम आहे, १०० टक्के वजावट, पण ज्यांना धंद्याचं उत्पन्न आहे त्यांना नाही आणि निसर्गवाल्या संस्थांकडे ती मान्यता बहुधा नसते. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, त्यात कलमांचे नंबर बदललेत, आपण सगळे तोंडाने ८०जीच म्हणतो, सीएला एकदा विचारून घ्या.

सोसायटीत, ऑफिसात, लोकल ट्रेनच्या ग्रुपमध्ये स्वतःच डबा फिरवू नका. लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर गणपती मंडळं सुद्धा धर्मादाय आयुक्तांची ४१ क ची परवानगी काढतात. त्यापेक्षा संस्थेची लिंक द्या, ज्याला द्यायचंय तो देईल. मुंबई मॅरेथॉनला धावत असाल तर तिथे संस्थांसाठी निधी गोळा करायची सोय असते, तुमची संस्था त्या यादीत आहे का बघा.

अमेरिकेतला मावसभाऊ पैसे देतो म्हणतो, प्रत्येक घरात एक असतोच. त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेतून देत असेल तर ते परदेशी देणगीत धरलं जात नाही. पासपोर्ट तिकडचा झाला असेल, ओसीआय असला तरी, तर ती परदेशी देणगी, मग संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालचं, रजिस्ट्रेशन हवं आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यायला हवेत. त्याचे पैसे तुमच्या खात्यात मागवून तुमच्या नावाने द्यायचा शॉर्टकट अजिबात करू नका, अडचणीत संस्था येते.

कंपनीकडून

नेट वर्थ ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं एक जरी असेल तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजोपयोगी कामांवर, खर्च करावे लागतात, आणि अशा कंपन्यांची ऑफिसं बीकेसीपासून अंधेरीपर्यंत पसरलीत. वन्यजीव संरक्षण कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत बसतं. संस्थेकडे सीएसआर-१ चा, म्हणजे असे पैसे घेण्यासाठीच्या नोंदणीचा, नंबर हवा, काम भारतातच हवं, म्हणजे आफ्रिकेतला गेंडा यात बसत नाही. चालू प्रकल्प म्हणून घेतलं तर तीन वर्षांपर्यंत पुढे नेता येतं आणि हे संशोधनाला अगदी सोयीचं. पण सीएसआरवाल्यांना संख्या हव्या असतात, किती लाभार्थी वगैरे, गेंड्याचा लाभार्थी आकडा काय देणार, म्हणून तिथे मी माणसांवरचं काम पुढे करतो, किती गावं, किती घरं, किती स्थानिक मुलांना कामाचं प्रशिक्षण. ते खोटं नाही, ते त्या कामात असतंच. जानेवारीनंतर गेलात तर बजेट संपलेलं असतं, जून-जुलैत जा.

वेळ चुकवू नका

हे कुणीच सांगत नाही. आपली सवय ३१ मार्चच्या आत टॅक्ससाठी देणगी द्यायची. पण तिकडे कामाचा हंगाम असतो नोव्हेंबर ते एप्रिल, पावसाळ्यात उद्यान पाण्याखाली, गवत हिवाळ्यात जाळल्यावरच जनावर दिसतं, गणती पण म्हणूनच मार्चमध्ये होते. मार्चअखेर आलेले पैसे त्या वर्षीच्या कामाला येतच नाहीत. गणपती गेले की पाठवा, दिवाळीआधी पोचायला हवेत.

पैसे नसतील तरी देण्यासारखं आहे. आमच्यातली एकजण डेटाचं काम करते, तिने दोन महिने रविवारी बसून कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंच्या फाइली आणि तारखा नीट लावून दिल्या, संशोधक म्हणाली की एका असिस्टंटचं काम वाचलं. मात्र जुने लॅपटॉप, जुने कॅमेरे न विचारता कुरियर करू नका.

दिल्यानंतर

वर्षाला दोन पानांचा रिपोर्ट आणि खर्चाचा तक्ता मागा, पुरे. रोज फोटो मागू नका, त्यांना रेंज नसते आणि कामं असतात. कॉलर लावलेला गेंडा आत्ता कुठे आहे हे कधीही विचारू नका, आणि त्यांनी पाठवलेला फोटो लोकेशनसकट कुठे टाकू नका. आसामात २०२२ मध्ये एकाही गेंड्याची शिकार झाली नाही, १९७७ नंतर पहिल्यांदाच, पण दक्षिण आफ्रिकेत २०२४ मध्ये ४२० मारले गेले, शिंगाचा बाजार संपलेला नाही.

आणि काम फसलं तर रागावू नका. गेल्या पावसाळ्यात आमच्या संशोधिकेचा मेल आला, पुराच्या दिवसांत चार दिवस लाईट नव्हती, फ्रीझर बंद पडला आणि हंगामभराचे लिदीचे जवळजवळ निम्मे नमुने खराब झाले. तिने लपवलं नाही, स्वतःहून कळवलं, किती गेले किती उरले तक्ता करून पाठवला, आणि विचारलं की असिस्टंटच्या पगारातून या वर्षी एक महिना कमी करून इन्व्हर्टर घेतला तर चालेल का. आम्ही सात जणांनी त्या रात्री फोनवर बोलून ठरवलं, पगार कमी करायचा नाही, इन्व्हर्टरचे वेगळे द्यायचे, भिशीतून. बिल गेल्या आठवड्यात आलंय, बॅटरी दोनशे एएचची आहे, नोव्हेंबरमध्ये आमची संशोधिका परत पोबितोऱ्याला जाईल.